चावडीबाईंची कोयता तुकडी

चावडीबाईंना मनातल्या मनात वाचता येत नसे. खोटं वाटेल, पण लोकप्रशासन विभागाच्या प्रमुख, डॉक्टरेट मिळवलेल्या, विद्यापीठाच्या नियोजन मंडळावर बसणाऱ्या या बाई हातात कागद पडला की उठून उभ्या राहायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि खणखणीत आवाजात पहिल्या ओळीपासून सुरू व्हायच्या. परिपत्रक असो, निविदा असो, दुखवट्याचा ठराव असो, नाहीतर दुचाक्या कुठं लावाव्यात याची सूचना असो. वाचन व्हायचं ते विभागाच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. एकदा त्यांना स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस आली. तुमच्या-माझ्यासारख्यानं ती घडी घालून खिशात टाकली असती आणि घरी बायकोलासुद्धा सांगितली नसती. बाईंनी ती व्हरांड्यात वाचली. ‘आपले वर्तन शिस्तभंगाचे असून’ या शब्दांवर तर आवाज आणखी चढवला. संपल्यावर जमलेल्या पोरांना म्हणाल्या, "ऐकलं का सगळ्यांनी? आता माझं उत्तर ऐका." उत्तरही तिथंच, उभ्या उभ्या. ते टाइप करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मी आमच्या परिसराच्या नियोजन कक्षात कक्ष अधिकारी. आमचं विद्यापीठ केंद्राचं, राष्ट्रीय. मुख्य परिसर दुसऱ्या राज्यात. संध्याकाळी रेल्वेत बसावं तर सकाळी पोचावं. धाराशिवच्या बाहेर माळावर त्याच्या काही इमारती आहेत, एक पाण्याची टाकी आहे आणि आम्ही आहोत. मी मूळचा लोहाऱ्याचा. घरचं किराणा दुकान, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. गल्ल्यावर बसून वाढलेला माणूस नियमाला घट्ट धरून असतो, तसा मीही होतो. बाई मला ‘शेटजी’ म्हणायच्या. मी म्हणायचो, "बाई, मी पगारी नोकर, मला कसलं शेटजी म्हणता?" त्या म्हणायच्या, "शेटजी, तुमचं मापटं बरोबर असतंय, फक्त कुणाच्या पोत्यातलं मोजताय ते अधूनमधून बघत जावा." असा राग यायचा! पण राग टिकायचा नाही, कारण पाठोपाठ त्या पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढून पुढं करायच्या.

चावडीबाई हे नाव पोरांनी ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. त्यांचे वडील भूमकडच्या एका गावात कोतवाल होते. चावडीवाचन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तलाठी चावडीत बसून जमिनीच्या नोंदी गावासमोर मोठ्यानं वाचतो आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं तिथंच उठून बोलायचं. त्यासाठी गाव गोळा करायचं काम कोतवालाचं. दवंडी बाईंच्या वडिलांची, पण वाचन सुरू झालं की ते स्वतः पायरीखाली उभे. "माझ्या आज्यानं धर्म बदलला, बापानं नोकरी तीच ठेवली, आणि मी त्याचा गळा घेतला," असं बाई हसत सांगायच्या. हसणं सगळंच हसण्याचं नसायचं. पायरीखाली उभ्या त्या माणसानं लेकीला एक गोष्ट शिकवली होती, आणि ती बाईंनी मला इतक्यांदा ऐकवली की झोपेतही म्हणून दाखवीन: "गुपचूप वाचलेला कागद गुपचूप बदलतो. ज्याचं आहे त्याच्यापुढं वाचा." एवढ्याशा वाक्यापायी आमच्या कार्यालयाच्या नाकी नऊ आले.

आता कोयता तुकडीचं सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. भूम, कळंब, वाशी या भागातली माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. पोरंटोरं बरोबर, राहायला उसाच्या फडाजवळ पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या. परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. आमचं विद्यापीठ जूनमध्ये उघडणार, पोरं दिवाळीपर्यंत कशीबशी येणार, मग गायब. हजेरी भरत नाही, परीक्षेला बसू देत नाहीत, नाव कमी. दरवर्षी हेच. बाईंनी नियम उलटासुलटा करून बघितला आणि त्यातून एक फट शोधली. प्रवेश पाडव्यानंतर, शिकवणं सबंध उन्हाळा आणि पावसाळा, परीक्षा दसऱ्याच्या आत. कागदोपत्री तिचं नाव ‘द्वितीय प्रवेशसत्र’. बोलायचं नाव कोयता तुकडी.

तुकडी चालली, पण आमची उन्हाळ्याची सुटी मात्र गेली. मे महिन्यात माळावरचं ऊन म्हणजे काय ते आमच्याकडच्याला विचारा. पंखे गरम वारा फेकायचे, टाकीचं पाणी चहाला उकळायची गरज नाही असं. सगळं जग आंबे खात बसलेलं आणि आम्ही हजेरीपटावर घाम गाळतोय. माझी बायको बाईंच्या नावानं बोटं मोडायची. एक प्राध्यापक चिडून म्हणाले, "बाई, ही तुकडी म्हणजे वरातीमागून घोडं आहे." बाई म्हणाल्या, "मागून आलं तरी घोडंच असतंय ते, सर. तुम्ही बसून तरी बघा." त्या स्वतः रोज दोन तास जास्त शिकवायच्या. पहिल्या वर्षी वंदना नावाची पोरगी जीपमधून उतरली ती थेट आमच्या कार्यालयात, भांड्यांचं गाठोडं घेऊन. हातांवर पाचटाचे चरे. घरी जाऊन येते म्हणाली असती तर प्रवेशाची वेळ टळली असती, एवढं तिला कळत होतं. गाठोडं माझ्या टेबलाखाली ठेवून ती वर्गात गेली. त्या दिवसापासून, खरं सांगतो, मी आंब्याची तक्रार बंद केली. बायकोनं केली नाही.

मग आराखडा आला.

विद्यापीठाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा. गुळगुळीत कागद, इंग्रजी मजकूर, चित्रं, बाण, वर्तुळं. ‘बदलता समाज आणि विद्यापीठाचं नवनिर्माण’ असं त्याचं सूत्र. नियोजन संचालक तो घेऊन आमच्याकडं आले. माणूस वाईट नव्हता हो. तरुण, मेहनती, गोड बोलणारा. मराठी समजायची, बोलताना अडखळायची. त्यांचं म्हणणं असं की, सगळ्या परिसरांचं एकच वेळापत्रक असलं तर इथला मुलगा एक सत्र तिकडं जाऊन शिकू शकेल, तिकडचा इकडं येईल. ऐकायला गोडच होतं. ग्रंथालय, पाण्याचं नियोजन, मुलींचं वसतिगृह, हेही त्यात होतं, आणि त्यातलं बरंच बाईंनीच मंडळात भांडून घालायला लावलेलं. पण पार मागं, परिशिष्टात, एक ओळ होती: द्वितीय प्रवेशसत्राचं टप्प्याटप्प्यानं विसर्जन.

"विसर्जन?" बाई बैठकीतच उभ्या राहिल्या. "गणपती आहे का तो?"

संचालक म्हणाले, "मॅडम, राष्ट्रीय विद्यापीठाला एक घड्याळ लागतं."

"राष्ट्र म्हणजे कोण, सर?" बाई म्हणाल्या. "जूनमध्ये मोकळे असणारे तेवढेच का?"

बैठक संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "आराखडा चांगला आहे, शेटजी. लई कष्ट घेतलेत पोरानं. माणसं घालायची तेवढी ऱ्हायली." आणि हरकती कधीपर्यंत घेणार ते विचारलं. मी बघून सांगितलं. हरकती फक्त संकेतस्थळावर, ठरलेल्या नमुन्यात, इंग्रजीत. आणि मुदत दिवाळीनंतर सुरू होऊन नाताळाच्या आत संपणारी. म्हणजे ज्यांची तुकडी जाणार ते सगळे त्या वेळी फडावर, वाकून ऊस तोडत. संचालकांनी मुद्दाम केलं नसेल. त्यांना दिवाळी म्हणजे फक्त दिवाळी वाटली असेल. बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "मग चावडी भरवायला पाहिजे."

मी त्यांना परोपरीनं सांगितलं की, बाई, मंडळाच्या सदस्यानं मंडळाचा मसुदा बाजारात वाचणं नियमात बसत नाही. त्या म्हणाल्या, "मसुदा प्रसिद्ध झालाय ना? मग प्रसिद्ध म्हणजे काय, कोपऱ्यात ठेवलेला?" गाडी मिळाली नाही. विद्यापीठानं साफ नाही म्हटलं. आम्ही एसटीनं निघालो. हो, मीही. मी का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाईंनी तिकीट दोघांचं काढलं होतं, एवढं एकच कारण देता येतं.

पहिलं वाचन जळकोटला, हायवेच्या कडेला. बाईंनी चहाच्या टपरीसमोर उभं राहून हाक दिली, "आराखडा वाचणाराय, ऐकायला या!" आणि काय सांगू, बघता बघता अर्धं गाव लोटलं. मला कौतुक वाटलं, शिक्षणाची केवढी आस! मग पुढचा एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "कोणचे गट नंबर हायत ते आदी सांगा." तेव्हा उलगडा झाला. त्या गावात आराखडा म्हणून जे काही आलं होतं ते रस्ता रुंद करायला जमिनी घेऊन गेलं होतं. माणसं उतारे हातात घेऊन भांडायच्या तयारीनं आली होती. बाईंनी सांगितलं की जमीन कुणाची जात नाही, पोरांची तुकडी जाते, तसं निम्मं गाव सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेलं. उरले त्यांच्यापुढं त्यांनी एकेक वाक्य मराठी करून वाचलं. काठीवाला म्हातारा शेवटपर्यंत थांबला. त्याच्या घरातलं कुणी तोडीला जात नव्हतं, विद्यापीठातही नव्हतं. "जमिनीच्या टायमाला आमाला कुणी वाचून दावलं असतं तर बरं झालं असतं," एवढं बोलून तो गेला.

दुसरं लोहाऱ्याला, आमच्याच दुकानासमोर. माझा थोरला भाऊ गल्ल्यावर. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बाई, तुमचं खरं हाय. पण सगळीच शिकली तर कोयता कोण धरणार?" चार गिऱ्हाइकं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही धरा की, शेट. मी शिकवते तुम्हाला, सोपं असतंय." मग जे हसू फुटलं त्यात भाऊही होता. जाताना त्यानं बाईंच्या पर्समध्ये गुळाची ढेप कोंबायचा प्रयत्न केला. ती मावली नाही, म्हणून सबंध वाट मी मांडीवर घेऊन बसलो.

भूमच्या आठवडी बाजारात मात्र बाई हिरमुसल्या. गर्दी होती, आवाज नेहमीसारखा चढलेला होता, पण ऐकून एक भाजीवाली म्हणाली, "मावशी, ज्यांचं हाय ती समदी खाली गेलीती तोडीला. आमाला सांगून काय उपेग?" बाई खाली बसल्या. मेथीच्या जुड्यांशेजारी, पोत्यावर. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी वाचता वाचता थांबलेलं पाहिलं नव्हतं. "बरोबर बोलली," त्या म्हणाल्या. "आपण दवंडी रिकाम्या गावात पिटतोय, शेटजी." मी म्हणालो, झालं तेवढं पुष्कळ झालं, आता परत जाऊ. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत जाण्याचा विषय काढला नाही.

परतीच्या एसटीत त्यांनी वंदनाला फोन लावला. ती कर्नाटकात, एका फडावर. तुकडीतली बहुतेक पोरं ठिकठिकाणी पांगलेली, पण फोन सगळ्यांकडं. बाईंनी एसटीत बसल्या बसल्या आराखड्याचं पहिलं प्रकरण मराठीत वाचून व्हॉट्सअॅपवर आवाज धाडला. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, जरा हळू." त्या म्हणाल्या, "तुम्हीपण ऐका, फुकट आहे." पुढं आठवडाभर रोज संध्याकाळी, भाकरी थापायच्या वेळेला, एकेक प्रकरण जायचं. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या फोनवरूनही कोपीकोपीत फिरायचं. आणि मग उलट बाजूनं आवाज यायला लागले. ट्रॅक्टरची घरघर, लेकराचं रडणं, खोकला, आणि मधून हरकत. बाई एकेक आवाज माझ्या टेबलावर फोन ठेवून ऐकवायच्या. मी नियमाप्रमाणं सांगायचो की याला हरकत म्हणता येत नाही, नमुन्यात नाही. सांगायचो आणि पुढचा लावा म्हणायचो.

अंतिम बैठक आमच्याच सभागृहात झाली. कुलगुरू स्वतः आले होते. संचालकांनी हरकतींचा आढावा दिला आणि सांगितलं की द्वितीय सत्राबद्दल संकेतस्थळावर एकही हरकत आलेली नाही. बाई उभ्या राहिल्या. "आल्यात," म्हणाल्या, आणि फोन टेबलावरच्या माइकपुढं धरला.

पहिला एक बाप्या: "सायब, आमी दिवाळीला जातो, पाडव्याला येतो. आमी येतो तवा तुमचं कालेज सुटतंय. ह्यात आमची काय चूक?" दुसऱ्या आवाजात वंदना: "मी शेवटच्या वर्षाला आहे. आत्ता मोळ्या बांधतेय, म्हणून धाप लागतीय, माफ करा. तुकडी बंद केली तर माझ्या धाकट्या बहिणीनं कुठं जायचं तेवढं लिहा आराखड्यात."

कुलगुरू म्हणाले, "मॅडम, ही पद्धत नव्हे. कृपया बंद करा." पाण्यात राहून माशाशी वैर! बाई म्हणाल्या, "सर, चावडीत हरकत मधेच तोडत नसतात. अजून एक आहे."

तो तिसरा आवाज कोणता, हे मला माहीत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, नको बाई, तो नको. कारण तो वंदनाच्या बापाचा होता आणि तो तुकडीच्या विरोधात होता. बाईंनी लावला. "बंदच करा तुकडी," तो माणूस सांगत होता. "माझी पोरगी तीन वर्सं शिकली. आता पदवी व्हईल आन् फिरून मोळ्याच बांधंल. तिला हिकडं गोडी न्हाय, तिकडं नोकरी न्हाय. कशाला आशा लावता? बंद करा."

संचालकांनी वर बघितलं. त्यांना वाटलं असावं बाईंची चूक झाली. बाई म्हणाल्या, "मला सोयीचं तेवढंच वाचायला मी काय विद्यापीठ आहे? हा माणूस खरं बोलतोय. त्याला उत्तर देणं तुमच्या-माझ्या अंगावर आहे. तुकडीला पुढची वाट करून द्या, त्या पोरींना इथंच पुढं शिकवा, शिकवायलाही घ्या. वीस वर्षांचा आराखडा करता आणि ह्या बापाला एका वर्षाचं उत्तर देता येत न्हाय? दार बंद करणं हे उत्तर नसतंय, सर. मी तरी ते मान्य करणार न्हाय, आज न्हाय आणि निवृत्त झाल्यावरही न्हाय."

तास-दीड तास घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: ती ओळ आराखड्यातून तूर्त काढायची. पाडव्यानंतर होणारे प्रवेश बघायचे. वर्ग भरला तर कोयता तुकडी वीस वर्षांच्या आराखड्यात कायम. नाही भरला तर आपोआप बंद. बाहेर पडल्यावर संचालक बाईंना म्हणाले, "मॅडम, तुम्ही जिंकलात." बाई म्हणाल्या, "छे हो, आता कुठं हरकत नोंदली. निकाल पोरं देतील."

जानेवारीत बाईंच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्या पलंगावर टेकून बसून स्वतःचा रिपोर्ट मोठ्यानं वाचत होत्या. वॉर्डातल्या बायका कान देऊन ऐकत होत्या, आणि परिचारिका डोक्याला हात लावून उभी होती. हृदयाचं काय काय बिघडलंय ते सगळं त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मी म्हणालो, "बाई, आता तरी आराम करा." म्हणाल्या, "मे महिन्यात करू, शेटजी." आणि दोघंही हसलो, कारण मे महिना कसा जातो ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याच आठवड्यात त्या गेल्या. बातमी आली तेव्हा मी कार्यालयात होतो. मी उठून व्हरांड्यात गेलो आणि तिथं भिंतीला धरून रडलो. कुणी बघेल याची लाज वाटली नाही.

त्यांचे भाऊ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरवायला आले. आठवड्याभरात समाजमंदिरात घेऊ म्हणाले. सगळे तसंच करतात. मी माझ्या जन्मात कुणाच्या घरच्या गोष्टीत बोललो नव्हतो. पण म्हणालो, "दादा, थांबता येईल का? पोरं फडावर आहेत." ते म्हणाले, "किती थांबायचं?" म्हटलं, "पाडवा होऊ द्या." एका मृत माणसाला तीन महिने थांबवून ठेवायचं, असं बोलताना माझी जीभ अडखळली. ते म्हणाले, "आमच्यात तिथी-बिथी काय नसतंय. ताईला चाललं असतं. माणसं महत्त्वाची." मुख्य परिसरातून विचारणा आली की श्रद्धांजली सभेला इतका उशीर का. मी कळवलं, बाईंची माणसं अजून यायची आहेत.

पाडवा झाला, आणि रविवारी समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला. सकाळपासून जीपा यायला लागल्या. कुणी कालच उतरलेले, कुणी वाटेतूनच वळलेले, टपांवर गाठोडी, कोयते, कोंबड्यांची खुराडी. मंदिरात जागा उरली नाही तशी माणसं बाहेर मांडवात बसली. त्रिसरण झालं, बोलणं झालं. वंदनाचा बापही आला होता, बरोबर धाकटी लेक. मी त्याच्याशेजारी बसलो. तो खाली मान घालून म्हणाला, "माझं म्हननं अजून बदललं न्हाय, सायब. पर बाईनं माजी हरकत लपिवली न्हाय. एवड्या मोठ्या लोकांत जशीच्या तशी लावली. म्हनून पोरीला घिऊन आलोय. घालून बगतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रवेशाची मुदत त्याच रात्री संपत होती. वेळापत्रक मुख्य परिसराचं. तिकडं सगळं घरबसल्या ऑनलाइन, त्यांना रविवार आड येत नव्हता. आमच्याकडं कागद तपासून प्रवेश द्यायचे ते आमच्या कक्षाच्या खिडकीवर, आणि खिडकी शनिवारीच बंद झालेली. ही माणसं सोमवारी आली असती तर ती नियमानं उशिरा आलेली ठरली असती, वर्ग रिकामा दिसला असता आणि तुकडी गेली असती. कुणीही मुद्दाम काही केलं नसताना गेली असती. बाईंच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या जळत होत्या आणि मला भयंकर राग आला होता.

मी मांडवात उभा राहिलो. माझा आवाज बाईंसारखा नाही, दुकानदाराचा आहे, समोरच्यापुरता. तरी ओरडलो, "ज्यांना प्रवेश घ्यायचाय ते आत्ता माझ्याबरोबर चला!"

मंदिर ते परिसर, माळावरची वाट. माणसं चालत आली, गाठोड्यांच्या जीपा मागून आल्या. पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली, खिडकी उघडली, पंखा लावला, बसलो. पहिली वंदनाची बहीण. तिच्यामागं एक पोरगा, हातावर पाचटाचे ताजे चरे. मग एक लग्न झालेली बाई, कडेवर लेकरू. कुणाचा तरी फोन मुख्य परिसरात गेला असणार, कारण तासाभरात संचालकांचा मला आला. आवाजात काळजी होती, दुष्टपणा नव्हता. "साहेब, रविवारी खिडकी उघडलीत? परवानगी कुणाची आहे?"

"कुणाचीच न्हाय," मी म्हणालो. "माझं नाव लिहून घ्या. पूर्ण लिहा." आणि स्पेलिंग सांगितलं.

मग ते म्हणाले, "किती जण आहेत?"

मी खिडकीतून बाहेर वाकून बघितलं. रांग व्हरांड्यातून पायऱ्या उतरून टाकीला वळसा घालून फाटकापाशी गेली होती, आणि फाटकात आणखी एक जीप उतरत होती.

"मोजायला वेळ न्हाय, सर," मी म्हणालो, फोन उताणा टेबलावर ठेवला आणि ओरडलो, "चला, पुढचं कोण?"